डिकॉक्शन उतरेपर्यंत

सकाळी सहाला मी स्टीलच्या फिल्टरमध्ये कॉफीची पूड घालते, चकतीने हलकेच दाबते आणि वरून उकळतं पाणी ओतते. खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला पंधरा मिनिटं लागतात. तिथे घाई चालत नाही. लग्न होऊन साताऱ्याहून बंगळुरूला आले तेव्हा मी फक्त चहा प्यायचे. आता चोवीस वर्षांनी हा फिल्टर आणि त्याची पंधरा मिनिटं अंगवळणी पडली आहेत. गेली तीन वर्षं याच पंधरा मिनिटांत, याच स्वयंपाकघरात माझा व्यायाम होतो. ओट्याची कड कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर हात सरकतो. दोन्ही तळवे खांद्यांपेक्षा थोडे रुंद टेकवायचे, पाय मागे न्यायचे, टाचांपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ताठ धरायचं आणि कोपरं वाकवत छाती ओट्याच्या कडेपर्यंत न्यायची. मग श्वास सोडत वर यायचं. असे दहा जोर. त्यानंतर खुर्चीवरून उठाबशा, मग सतरंजीवर पाठीचे आणि पोटाचे दोन प्रकार. डिकॉक्शन उतरलं की व्यायाम संपला.

ज्यांना व्यायाम करायचा आहे, ज्यांनी तो दोन-तीनदा सुरूही केला होता आणि ज्यांचा तो दर वेळी सुटला, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझाही असाच सुटला होता. एका जिमचे वर्षाचे पैसे भरले होते. पहिल्याच दिवशी तिथल्या मुलाने माझ्याकडून इतक्या बैठका करून घेतल्या की चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. पाचव्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, सहाव्या दिवशी पाऊस आला, आणि संध्याकाळी सिल्क बोर्डच्या चौकातल्या वाहतूक कोंडीतून घरी पोचेपर्यंत जिममध्ये जायची ताकद उरायची नाही. तेव्हा मला वाटलं, आपल्यात चिकाटी नाही. आता वाटतं, चिकाटीला फार दोष दिला. आखणीच चुकलेली होती.

ओट्यावर जोर कशाला, जमिनीवर का नाही, असं कोणीही विचारेल. आपल्या शरीराचं वजन तेवढंच राहतं, पण त्यातलं किती हातांवर घ्यायचं ते ठरवता येतं. जोर मारताना शरीर ही तरफ होते आणि पायाची बोटं हा टेकू. हात जितके उंचावर, तितका जास्त भार पायांकडे जातो आणि हातांवर कमी येतो. विल्यम एबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भार मोजून २०११ साली आकडे प्रसिद्ध केले. जमिनीवरच्या नेहमीच्या जोरात हातांवर शरीराच्या वजनाच्या ६४ टक्के भार येतो. गुडघे टेकले तर ४९ टक्के. हात जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर ५५ टक्के, ६० सेंटिमीटरवर ४१ टक्के. उलट पायच ६० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर ७४ टक्के. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईला जमिनीवर एका जोरात ३८ किलो उचलावे लागतात, पलंगाहून थोड्या उंच बाकावर २५ किलोच्या आत, आणि ओटा त्याहूनही उंच असल्यामुळे तिथे आणखी कमी. भिंतीला हात टेकले तर अगदीच थोडे. भिंत, ओटा, खुर्ची, पाट, जमीन, आणि शेवटी पाय पलंगावर: घरातल्या घरात वजनांची अख्खी मांडणी तयार आहे. जिममध्ये लोखंडी तबकड्या वाढवतात, इथे उंची कमी करत जायचं.

एवढ्याने स्नायू खरोखर वाढतात का? जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात काही तरुणांनी आठ आठवडे जोर मारले आणि काहींनी तेवढ्याच भाराची सळई पाठीवर झोपून उचलली. छातीच्या आणि दंडाच्या मागच्या स्नायूंची जाडी दोन्हीकडे सारखीच वाढली. स्नायूला ताण हवा असतो आणि तो थकेपर्यंत मिळायला हवा. तो लोखंडाचा आहे की आपल्याच हाडामांसाचा, याने फरक पडत नाही.

हे सगळं बंगळुरूला नवीन नाही. मला तर वाटतं, घरबसल्या व्यायाम शिकवण्याचा आपल्याकडचा एक मोठा प्रयोग याच शहरात झाला. कोलार जिल्ह्यात १८९७ साली जन्मलेल्या के. व्ही. अय्यर यांनी १९२२ साली इथे हर्क्युलिस जिम्नॅशियम काढलं. पुढे त्यांची व्यायामशाळा जे. सी. रोडवर आली. म्हैसूरच्या महाराजांचा, चौथ्या कृष्णराज वडियारांचा त्यांना आश्रय होता. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये टी. कृष्णमाचार्य योग शिकवत, आणि त्याच आवारात अय्यरांचे शिष्य शरीरसौष्ठवाचे धडे देत. अय्यरांनी १९३० साली ‘मसल कल्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या पद्धतीत वजनं होती, हठयोग होता आणि सूर्यनमस्कारही होते. आजच्या घडीला योग वेगळा, जिम वेगळी अशा भिंती आपण उभ्या केल्या आहेत. अय्यरांना त्या मान्य नव्हत्या. हाच माणूस कन्नडमध्ये ‘शांतला’ ही होयसळ राणीवरची कादंबरी लिहितो आणि नाटककार टी. पी. कैलासम यांचा जिवलग मित्र असतो, याचंही मला फार अप्रूप आहे.

अय्यरांचा जो उद्योग आपल्या विषयाला भिडतो तो म्हणजे टपालाने शिकवणी. बंगळुरूत बसून ते गावोगावच्या शिष्यांना पोस्टाने व्यायामाचे धडे पाठवत. परदेशात शरीरसौष्ठवपटू युजिन सँडोने हे आधी केलं होतं, आणि न्यूयॉर्कच्या चार्ल्स अ‍ॅटलसने तर डंबेलशिवाय, स्वतःच्याच शरीराच्या विरोधाने ताण देण्याची पद्धत पोस्टाने जगभर नेली. टपालाने व्यायाम शिकवायचा म्हणजे काय, याचा मी कधी कधी विचार करते. वस्ताद समोर नाही. चूक झाली तर पाठीवर थाप मारून सांगणारा नाही. मग जे सांगायचं ते कागदावर नेमकं उतरलं पाहिजे, शिकणाऱ्याने ते आरशासमोर पडताळलं पाहिजे, आणि रोज करायला लावणारं बाहेरचं कोणी नसताना रोज केलं पाहिजे. आज मोबाइलवर पाहून व्यायाम करणारा प्रत्येक जण त्या टपाली शिष्याच्याच जागी उभा आहे.

अय्यरांनी १९३७ साली सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. त्या काळी सूर्यनमस्कार म्हटलं की एकच नाव पुढे यायचं, आमच्या साताऱ्याकडच्या औंधचं. शाळेच्या सहलीत आम्ही यमाईच्या डोंगरावर चढून भवानी संग्रहालय पाहिलं होतं. चित्रं पाहून थक्क झालो होतो. ती जमवणारे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत आणि रोज नमस्कार घालत. या नमस्कारांपर्यंत ते कसे आले, ते महत्त्वाचं आहे. तरुणपणी त्यांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली होती आणि दहा वर्षं त्याच पद्धतीने नेमाने व्यायाम केला होता. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार धरले, ते आयुष्यभरासाठी. १९५१ साली ते गेले तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. औंध संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. त्यांच्या पद्धतीवरचं ‘द टेन पॉइंट वे टु हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. साधनांवर पैसे खर्च करू शकणारा राजा साधनं सोडून एका माणसाच्या लांबीच्या सतरंजीवर आला. त्यांच्या दहा स्थितींमधल्या मधल्या तीन नीट पाहिल्या तर तो एक अख्खा जोरच आहे. खाली जाताना छाती जमिनीजवळ येते आणि वर येताना पाठ मागे वाकते.

कन्नड आणि मराठी व्यायामाची भाषा तर एकाच तालमीतली आहे. आपली तालीम ती इथली ‘गरडी मने’. बंगळुरूच्या जुन्या पेटेत अशा गरड्या अजून आहेत, लाल मातीच्या. आपल्या बैठका त्या इथल्या ‘बस्की’. आमच्या इमारतीतले एक आजोबा मला पहिल्यांदा हा शब्द सांगताना हसले आणि म्हणाले की शाळेत मास्तर शिक्षा म्हणून बस्की मारायला लावायचे. मी म्हटलं, आमच्याकडे कान धरून उठाबशा. मराठीत या ज्ञानाची केवढी साठवण आहे याचा आपल्यालाच विसर पडला आहे. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. जोरांचे आणि बैठकांचे प्रकार त्यात चित्रांसकट सापडतात.

आता मी ज्यासाठी कळकळीने लिहिते आहे तिकडे येते. इथल्या लालबागेत सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते. चालणं चांगलंच. पण आपल्या लोकांना चालण्याच्या जोडीला स्नायूंचा व्यायाम जरुरीचा आहे, आणि त्याचं कारण पुण्याने जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीचा असू शकतो आणि त्याच्या अंगावर मांस कमी असू शकतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात, आणि काम करणारा स्नायू ती इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत घेऊ शकतो. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला घरात जागाच कमी. ‘मी कुठे जाड आहे, मला कशाला व्यायाम’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी हा फोटो दाखवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत दोन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिली लोकांना ठाऊक असते, दुसरी कोणी सांगत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार भारतातल्या निम्म्याच्या आसपास प्रौढांची पहिलीही पूर्ण होत नाही. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के आहे, पुरुषांत ४२. दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला कोणी ‘तुझी हालचाल कमी आहे’ म्हटलं तर तिला राग येईल, आणि तो रास्त आहे. तरीही पोळ्या लाटताना मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना काही मिळत नाही. पूर्वी जमिनीवर बसून भाजी चिरायची, वाकून झाडायचं, पाटावरून उठायचं. दिवसातून कितीतरी वेळा मांडी घालणं आणि हात न टेकता उठणं व्हायचं. डायनिंग टेबल आलं आणि तो व्यायाम घरातून गेला.

माझ्या चार प्रकारांपैकी पहिला, जोर, वर आलाच. त्यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे कंबर खाली लोंबते. पोट आत ओढून आणि नितंब आवळून धरले की ती सरळ राहते. दुसरी म्हणजे कोपरं पंख पसरल्यासारखी बाजूला जातात आणि खांदा दुखतो. ती अंगापासून अर्ध्या काटकोनात असावीत.

दुसरा प्रकार बैठक. तालमीतल्या बैठकेत टाचा उचलतात, चवड्यांवर बसतात आणि हातांच्या झोक्याने उठतात. पैलवानाच्या गुडघ्यांना ते पेलतं. पंचेचाळिशीत पहिल्यांदा बैठक मारणाऱ्याने खुर्ची घ्यावी, भिंतीला टेकलेली, लाकडी किंवा लोखंडी. प्लास्टिकची नको, तिचे पाय फाकतात. खुर्चीपुढे पाय खांद्याएवढे रुंद ठेवून, टाचा जमिनीवर, आधी बूड मागे न्यायचं आणि मग खाली. खुर्चीला नुसतं लागलं की उठायचं, त्यावर भार टाकून विसावायचं नाही. गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत, ते पायाच्या बोटांच्या दिशेने जावेत. पहिल्या महिन्यात खुर्चीवर एक उशी ठेवली तरी चालेल. उशी काढली की व्यायाम एक पायरी अवघड झाला.

उरलेले दोन सतरंजीवर. सेतुबंधासनात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलायची आणि पाच मोजेपर्यंत धरायची. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नितंबाचे स्नायू जणू झोपलेले असतात, ते याने जागे होतात, आणि माझ्या कंबरदुखीला तरी याच्याइतका उतार दुसऱ्या कशाने पडला नाही. चौथा प्रकार फळीचा, ज्याला सगळे प्लँक म्हणतात. कोपरं आणि चवडे टेकून अंग ताठ धरायचं. सुरुवातीला पंधरा सेकंद पुरेत. फरशीवर सतरंजी सरकत असेल तर खाली योगासनांची रबरी चटई घालावी.

या चारांत एक उणीव राहते. ढकलणं झालं, उठणं झालं, ओढणं झालं नाही. घरात बिनसाधनांचं ओढणं नीट जमत नाही, आणि दारावरून टॉवेल टाकून लटकणं मला सुरक्षित वाटत नाही. म्हणून रविवारी आमच्या वॉर्डाच्या बागेतल्या आडव्या दांड्याला मी लटकते, फक्त लटकते. पहिल्या दिवशी सात सेकंद लटकले होते, आता चाळीस होतात. बंगळुरूच्या बऱ्याच बागांत असे दांडे बसवलेले आहेत, आणि या शहरातली सकाळची हवा वर्षातले दहा महिने बाहेर पडावं अशीच असते.

किती करायचं? पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकार सहा ते आठ वेळा, एकच फेरी, आणि एक दिवस आड. हे हास्यास्पद वाटेल इतकं थोडं आहे, आणि थोडंच ठेवायचं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, दुसरा महिना संपताना तीन. थांबायचं कधी, याची खूण अशी: अजून दोन निघतील असं वाटतं तिथे थांबायचं. एका दमात पंधरा सहज निघू लागले की आकडा वाढवत बसू नये, उंची कमी करावी. ओट्यावरून खुर्चीवर यावं. श्वास कधीही कोंडू नये. जोर लावताना सोडायचा, परतताना घ्यायचा. कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मधुमेहाचं इन्सुलिन किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबावं.

दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. मराठीत हा शब्द किती नेमका आहे! बरेच जण म्हणतात की स्नायूत आम्ल साठतं म्हणून दुखतं. ते आम्ल तासाभरात निघून जातं. खरं कारण म्हणजे खाली जाताना, ताण सोसत लांब होताना, न सरावलेल्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून काढताना सूज येते. हे दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत सर्वांत जास्त असतं आणि आपोआप जातं. विशेष म्हणजे तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला की तेवढं दुखत नाही, कारण स्नायू सावध झालेला असतो. पहिल्या दिवशी पन्नास बैठका मारणारा माणूस या सावध होण्याची संधीच स्वतःला देत नाही. माझं जिममध्ये नेमकं हेच झालं होतं. हळूहळू सुरू केलं तर दोन-तीन आठवड्यांतच ताकद वाढल्याचं जाणवतं, आरशात मात्र काही दिसत नाही. त्या काळात मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंतले तंतू अधिक संख्येने कामाला लावायला शिकत असतात. आरशात दिसण्याइतके स्नायू जाड व्हायला दोन महिने तरी लागतात. आरसा बघून निराश होणारे नेमके या मधल्या काळात सोडतात. म्हणून आरशाऐवजी जिना बघावा. तिसऱ्या मजल्यावर सामानासकट चढल्यावर धाप किती लागते, ते.

आता टिकण्याचं. उत्साह आला की व्यायाम करीन, असं म्हणणाऱ्याचा व्यायाम उत्साहाबरोबर जातो. इंग्लंडमध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाला काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे पटवून दिलं. तिसऱ्याला तेच पटवलं आणि वर एक वाक्य लिहायला लावलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी, तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी. नुसतं पटवून काही झालं नाही. जागा आणि वेळ लिहिल्याने झालं. हे वाचलं तेव्हा मला माझा फिल्टर आठवला. फिल्टर रोज न चुकता भरला जातो, मग व्यायाम त्यालाच बांधला तर? प्रत्येकाच्या घरात असं काहीतरी रोज न चुकणारं असतं. कोणाकडे कुकरच्या तीन शिट्ट्या, कोणाकडे देवपूजा, कोणाकडे गीझर तापायची वेळ. व्यायामाला स्वतंत्र वेळ काढायला गेलं की ती वेळ ऑफिस खातं, पाहुणे खातात, सिल्क बोर्ड खातं. आधीच ठरलेल्या वेळेच्या कुशीत घातलेला व्यायाम वाचतो.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं सगळीकडे म्हणतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे पाहिलं. एखादी गोष्ट न आठवता आपोआप होऊ लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत अंदाजाने १८ ते २५४ दिवस एवढा फरक. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. त्याच अभ्यासात निघालेली एक गोष्ट मला सर्वांत दिलासा देणारी वाटते: एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम होत नाही. एक दिवस चुकला म्हणून सगळं गेलं, असं मानणारेच सोडतात.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख आणि एकादशी त्यावर असतेच. ज्या दिवशी व्यायाम झाला त्या चौकोनात मी पेन्सिलीने एक उभी रेघ मारते. गणपतीत पाच दिवस कोरे जातात, दिवाळीत चार, मुलीच्या परीक्षेत काही. एरवी मी एकच नियम पाळते, सलग दोन व्यायामाचे दिवस कोरे जाऊ द्यायचे नाहीत. फारच थकवा असेल तर ओट्यावर पाच जोर आणि रेघ. पाचांनी शरीराला फारसं मिळत नाही, पण फिल्टर आणि ओटा यांची गाठ सुटत नाही.

तीन वर्षांतला एक बदल मात्र मी आखला नव्हता. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रोज सकाळी जपमाळ घेऊन त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायच्या आणि माझं पाहत राहायच्या. खाली बसल्या की उठताना कोणाचा तरी हात लागायचा, आणि ते त्यांना मनातून लागायचं. एक दिवस मी त्यांना वाचून दाखवलं की मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला, आणि ज्यांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९० साली छापून आलेली गोष्ट आहे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “अगं, मी तर अजून ऐंशीचीसुद्धा नाही.” डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. खुर्चीवर दोन उशा, समोर ओट्याची कड धरायला, आणि पहिल्या दिवशी तीन वेळा उठणं.

गेल्या वर्षी गौरीच्या पूजेला त्या पाटावर बसल्या. आरती झाली तशी मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी एक गुडघा टेकला, तळवा मांडीवर दाबला आणि उठल्या. आता दोन उशांची एक झाली आहे, कालनिर्णयवर रेघाही दोन असतात. त्यांची माझ्या रेघेशेजारी, लाल पेन्सिलीने.